रोलर झिजला की लक्ष्मणराव आठवतात



दसरा जवळ आला की आपल्या जिल्ह्यात सोयाबीनच्या सोंगणीची एकच घाई उडते. चिखली घ्या, मेहकर घ्या, लोणार घ्या, जिकडे पाहावे तिकडे मजुरांची ओढाताण. मजूर मिळेना म्हणून हार्वेस्टर बोलवावा, तर तिथेही नंबर लावावा लागतो. पंजाबकडची यंत्रे येतात. आता आपल्याकडच्या काही तरुणांनीही कर्ज काढून यंत्रे घेतली आहेत. यंत्र वावरात शिरले की एकर कधी निघाला ते कळत नाही. पण तेच भर वावरात बंद पडले तर?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. मेहकर तालुक्यातल्या एका गावात मी सकाळी पाहणीला गेलो होतो. एका कास्तकाराच्या पाच एकरात हार्वेस्टर चालू होता. धुऱ्यावर उभा राहिलो, तर इंजिनाच्या धडधडीत मधूनच एक बारीक किरकिर ऐकू आली. पट्ट्याला ताण देणाऱ्या रोलरचे बेअरिंग संपत आले की असाच आवाज येतो. मला तो ओळखू आला. ड्रायव्हरलाही आला असणार. पण पुढे आणखी दोघांची वावरं थांबलेली, आभाळ भरत आलेले. मी विचार केला, आत्ता कशाला यंत्र थांबवायचे, संध्याकाळी सांगू.

दुपारी एकच्या सुमारास तो रोलर जाम झाला, पट्टा जळून तुटला आणि यंत्र तीन एकरावर उभे राहिले. त्या मापाचा रोलर मेहकरात मिळाला नाही, खामगावात मिळाला नाही, शेवटी अकोल्याहून आणावा लागला. तो हातात येईपर्यंत रात्र झाली आणि त्याच रात्री पाऊस आला. पुढे चार दिवस वावरात पाय ठेवता येईना. उरलेल्या दोन एकरातल्या शेंगा फुटल्या, दाणा काळा पडला. बाजारात त्याचे काय झाले असेल ते तुम्हाला सांगायला नको.

रोलर काही शेकडा रुपयांचा, आणि नुकसान दोन एकरांचे. त्या कास्तकाराने मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्याला ठाऊकही नव्हते की सकाळी तो आवाज मी ऐकला होता. पण माझ्या मनातून ते गेले नाही. त्या दिवसापासून यंत्राच्या सुट्या भागाचा विषय निघाला की मला एका माणसाची आठवण होते. यंत्र विकले म्हणजे काम संपले असे न मानणारा हा माणूस शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच मराठी मुलखात होऊन गेला. नाव सगळ्यांना माहीत आहे, कारण ते आपल्या विहिरीवरच्या मोटारीवर लिहिलेले असते. पण माणूस फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून आज लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकिकत सांगतो.

चित्रकार व्हायला निघालेला मुलगा

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदांताचे जाणकार. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. घरात पोथी-पुराणांचे वातावरण, आणि या पोराचे लक्ष मात्र चित्रे काढण्यात आणि यंत्रांची खटपट करण्यात. शाळेच्या पुस्तकात मन रमेना.

१८८५ साली ते मुंबईला गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकू लागले. पुढे लक्षात आले की त्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नाही. डोळ्यांत रंगांधळेपणाचा दोष होता. चित्रकाराला रंगच कळेनात म्हणजे काय उरले? बैलाला खांदाच नाही म्हटल्यासारखे झाले. दुसरा कोणी असता तर कपाळावर हात मारून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. ते यंत्रांची रेखाचित्रे काढायला शिकले. त्या कामाला रंग लागत नाही, माप लागते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना यांत्रिक रेखाटन शिकवण्याची नोकरी मिळाली. वर्गातून बाहेर पडले की संस्थेच्या कारखान्यात यंत्रांजवळ उभे राहायचे, कोणते चाक कोणाला फिरवते ते पाहायचे, हात काळे करायचे, असा त्यांचा क्रम असे.

इंजिनिअरची पदवी त्यांच्याकडे नव्हती, बरं का. मी स्वतः कृषी पदविकेचा माणूस आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. कागद नसला म्हणजे अक्कल नसते असे नाही. मात्र अक्कल कमावण्यासाठी यंत्राजवळ उभे राहावे लागते.

सरळ नोकरी आणि वाकडी वाट

नोकरी मानाची होती. पण बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलले गेले आणि ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. काम आपण करायचे आणि खुर्ची कातडीच्या रंगावरून ठरायची, हे त्यांना पटले नाही. राजीनामा देऊन ते बेळगावला आले.

बेळगावात त्यांचे थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे रामूअण्णा, होते. या दोघा भावांनी १८८८ पासून सायकलींचा व्यवसाय सुरू केलेला होता. मुंबईहून सायकली यायच्या आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकायचे. त्या काळी सायकल म्हणजे आजच्या मोटारगाडीसारखी अपूर्वाई. विकत घेणाऱ्याला ती चालवता येत नसे, म्हणून चालवायला शिकवण्याचेही पैसे मिळत. दुकानाची पाटी होती किर्लोस्कर ब्रदर्स, म्हणजे सरळ मराठीत किर्लोस्कर बंधू.

सायकलीचे दुकान छोटे असले तरी त्याने एक मोठा धडा दिला. गिऱ्हाईक एकदा सायकल घेऊन जातो, पण पंक्चर, साखळी, छर्रे यांसाठी दहा वेळा परत येतो. विकलेली वस्तू चालती ठेवणे हाही धंदाच असतो.

कडबाकुट्टी आणि न खपणारा नांगर

सायकलींवर त्यांचे मन फार दिवस राहिले नाही. आपला मुलूख शेतकऱ्यांचा, तर यंत्रेही शेतकऱ्यांच्याच कामाची हवीत असे त्यांना वाटू लागले. पहिले यंत्र त्यांनी बनवले ते कडबा कापायचे. आपल्याकडे ढोरांपुढे आख्खा कडबा टाकायची रीत. ढोर वरचा पाला खाते, खालचे धांडे तुडवते. कुट्टी केली की तेच वैरण जास्त दिवस पुरते. तुम्ही-आम्ही आज हे सहज बोलतो, पण त्या काळात हे सांगायलाही माणूस लागत होता.

त्यानंतर १९०३ साली लोखंडी नांगर आला, आणि खरी परीक्षा तिथे झाली.

आपला जुना देशी नांगर लाकडाचा. टोकाला तेवढा लोखंडी फाळ. तो जमीन चिरतो, पण पालथी घालत नाही. हरळी आणि कुंदा माजलेल्या काळ्या रानात वर्षानुवर्षे वखरपाळ्या घातल्या तरी मुळ्या खाली जिवंतच राहतात. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळणदार पंखा असतो. फाळाने कापलेली माती पंखा उलटी करतो, मुळ्या वर येतात आणि उन्हाळ्याच्या तापाने करपतात. काम असे चोख होते. तरीही नांगर खपेना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, रान नापीक होते, अशी लोकांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

दोन वर्षे म्हणजे चार हंगाम. कारखान्यात माल पडून आहे, कामगारांना पगार द्यायचे आहेत आणि गिऱ्हाईक लांबूनच बघून जातो आहे. आम्ही विस्तारवाले एका हंगामात कास्तकाराने बीजप्रक्रिया केली नाही तर हिरमुसतो. त्या माणसाने दोन वर्षे कळ काढली, कास्तकाराला अडाणी म्हणून नाद सोडला नाही. आणि तसे पाहिले तर कास्तकाराचे तरी काय चुकले? नांगर बिघडला तर त्याचे वर्ष जाते. नवीन वस्तूचा धोका तोच उचलतो, विकणारा नाही. म्हणून त्याला बोलण्यापेक्षा वावरातले काम दाखवणे जास्त पटते. रानात चाललेला नांगर पाहिला, पुढच्या साली त्या रानाचे पीक पाहिले, तेव्हा कुठे मागणी हळूहळू सुरू झाली.

फाळ झिजणारच, पुढे काय?

आता मुद्द्याची गोष्ट. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बसवून देई, फाळ बोथट झाला तर लोहार शेवटून देई. बलुतेदारीत तो खर्च बसलेला असे. म्हणजे दुरुस्तीची सोय गावातच होती. लोखंडी नांगर आला आणि ही सोय तुटली. बिडाचे ओतीव लोखंड लोहाराच्या भट्टीत तापवून ठोकता येत नाही, ठोकले तर फुटते. मग फाळ झिजला तर कास्तकाराने जायचे कुठे?

याला उत्तर एकच. झिजणारा भाग वेगळा करायचा, तो बोल्टने बसवायचा आणि त्याची माप कधी बदलू द्यायची नाही. म्हणजे जुना फाळ काढला, कारखान्याचा नवा लावला, भोकाला भोक जुळले आणि बैल जुंपले. पुढच्या वर्षी ओतलेला फाळसुद्धा मागच्या वर्षीच्या नांगराला बसला पाहिजे. ऐकायला सोपे वाटते. पण त्यासाठी साचा एक लागतो, बीड एकसारखे ओतावे लागते, टोक कडक हवे पण ठिसूळ नको, आणि मापात केसाची सूट नको. मुंबईच्या वर्गात वर्षानुवर्षे मापाच्या रेघा काढलेला माणूसच अशा कामाला लागतो. रंग न कळणाऱ्या त्या डोळ्यांना माप मात्र पक्के कळत होते.

बंधूंनो, विलायती नांगरही त्या काळी बाजारात होते. पण त्याचा फाळ तुटला की तो समुद्रापलीकडून यायचा. स्वदेशी यंत्राचा खरा फायदा किमतीपेक्षा इथे होता. माझ्या मेहकरच्या कास्तकाराचा रोलर अकोल्याला होता, तर दोन एकर गेले. साहेबाच्या देशात असता तर?

निवडुंगाच्या माळावर गाव

नांगराचे जरा बरे चालले तोच दुसरे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवायची होती आणि कारखान्याची जागा सोडावी लागली. चालता कारखाना उचलून न्यायचा कुठे? त्याच सुमारास लक्ष्मणरावांनी औंध संस्थानात बांधकामाचे एक काम घेतले होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, गुणांची पारख असलेले. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जागा देऊ केली आणि कर्जाऊ भांडवलाचीही सोय केली.

जागा कशी होती म्हणाल, तर निव्वळ उजाड माळ. निवडुंग माजलेला, नागसाप फिरताहेत, पाणी नाही, सावली नाही. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. पंचवीसेक कामगार आपापली बायकापोरे घेऊन त्या माळावर राहायला आले. निवडुंग तोडत गेले, साप मारत गेले आणि पत्र्याच्या आडोशाला भट्टी पेटली. आज हे गाव सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे आणि रेल्वे स्टेशनचे नावही किर्लोस्करवाडीच आहे.

लक्ष्मणरावांनी नुसता कारखाना काढला नाही, गाव वसवले. विलायतेत काही कारखानदारांनी कामगारांसाठी नेटक्या वसाहती बांधल्या होत्या, तसे काही आपल्याकडे व्हावे ही त्यांची इच्छा. रामूअण्णांनी गावाचा कारभार पाहिला, म्हणजे घरे, पाणी, शाळा, झाडे. शंभूराव जांभेकर हे यंत्र अडले की पुढे होणारे हरहुन्नरी माणूस. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळायचे. के. के. कुलकर्णी सरकार-दरबारची आणि बाहेरची सगळी कामे करायचे. आणि अनंतराव फळणीकर हे तर शाळा अर्धवट सोडलेले, पण पुढे नवी यंत्रे घडवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी राहिला नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कारखान्याच्या रात्रीच्या राखणीला त्यांनी तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग ही माणसे ठेवली. दोघेही दरोड्यात शिक्षा भोगून आलेले. लोकांनी तोंडात बोटे घातली असतील. पण ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही त्याच्यावर ठेवला तर तो जिवापाड जपतो, हा त्यांचा हिशेब खरा ठरला. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हा नियमही त्यांनी घातला. ज्या काळी आपल्या गावांत पाणवठे वेगळे होते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

युद्धाचे दिवस आणि चरकाचे रूळ

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. विलायती माल यायचा थांबला आणि देशी नांगराला एकदम मागणी आली. पण नांगर कशाचा करायचा? लोखंड मिळेना, कोळसा मिळेना. दगडी कोळसा नाही तर लाकडी कोळशावर भट्टी चालवून पाहिली, मोडीचे लोखंड गोळा केले. अडचण आली म्हणून कारखान्याला कुलूप लावायचे हे त्यांच्या बुद्धीला पटणारेच नव्हते. लहान कास्तकारही असेच करतो. डिझेल नाही तर बैल, बैल नाही तर इर्जिक, पण पेरणी साधायची.

नांगराच्या जोडीला उसाचा चरक आणि भुईमुगाच्या शेंगा फोडायचे यंत्रही किर्लोस्करवाडीत होऊ लागले. चरकाची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे, कारण आपला आजचा विषय त्यातच आहे. चरकात लोखंडी रूळ एकमेकांजवळ फिरतात आणि त्यांच्या फटीतून ऊस पिळून निघतो. ऊस आंबट रसाचा, वर मातीची कचकच. रूळ हळूहळू झिजतो, फट वाढते. डोळ्यांना काही दिसत नाही. चरक फिरतोच आहे, रस पडतोच आहे. पण चिपाडात रस राहून जातो आणि गुळाची एक-एक ढेप कमी भरते. मालकाला वाटते, औंदा उसालाच रस कमी. दोष रुळाचा, आणि बोल उसाला!

यंत्र बंद पडते तेव्हा नुकसान दिसते तरी. झिजलेले यंत्र चालू राहते तेव्हा नुकसान दिसतच नाही, हा त्यातला घात आहे. रूळ बदलायची वेळ ओळखणे म्हणजे अर्धी शेती ओळखणे.

जळाले आणि पुन्हा उभे राहिले

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच साली वाडीतून एक छोटे पत्रक निघू लागले. त्याचेच पुढे किर्लोस्कर मासिक झाले. पाठोपाठ स्त्री आणि मनोहर ही मासिके आली. शंकरराव किर्लोस्करांनी ती नावारूपाला आणली. आपल्या आई-आजींच्या पिढीतल्या कितीतरी घरांत हे अंक पोचत होते. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून १९२६ साली परत आले आणि कारखान्यात लागले. पाण्याचे पंप, ऑइल इंजिने अशी वाट पुढे रुंद होत गेली. १९४१ साली हरिहरला यंत्रे बनवणाऱ्या यंत्रांचा, म्हणजे लेथ वगैरेंचा कारखाना निघाला. १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगलोरला विजेच्या मोटारींचा.

आपल्या जिल्ह्यात मोट जाऊन विहिरीवर इंजिन आले, ते दिवस आठवणारी म्हातारी माणसे अजून गावागावांत भेटतील. टुक-टुक आवाज आला की गावाला कळायचे, कोणाचे ओलित चालू आहे ते. बैलांच्या पाठीवरची मोट उतरली, त्या बदलात या नावाचा वाटा मोठा आहे.

आणि मग १९४८ साल आले. गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. निवडुंग तोडून उभे केलेले, अडतीस वर्षे जपलेले, डोळ्यांदेखत राख झाले. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्या वयात माणूस नातवंडांत रमतो. बंधूंनो, गारपिटीने उभे पीक झोपले की सकाळी धुऱ्यावर उभे राहून आपल्याला काय वाटते ते तुम्हाला माहीत आहे. तेच त्यांना वाटले असेल. पण कामगार होते, त्यांच्या हातात कसब होते आणि साचे पुन्हा करता येत होते. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि पंपांचे काम तिथे आजही चालते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ साली, भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

आता आपल्या हार्वेस्टरकडे वळू

हकिकत ऐकून नुसते वा वा म्हणून उठू नका. या माणसाची आठवण ठेवायची तर आपल्या यंत्राच्या झिजणाऱ्या भागांकडे पाहायला शिकले पाहिजे. यंत्र तुमचे असो की भाड्याचे, वावर तुमचे आहे.

हार्वेस्टरमध्ये इंजिनाची ताकद पट्टे आणि साखळ्यांवाटे कापणीकडे, मळणीच्या ड्रमकडे आणि चाळण्यांकडे जाते. पट्टे ढिले पडू नयेत म्हणून त्यांना दाबून धरणारे रोलर असतात. त्यांच्या पोटात बेअरिंग असते. सोयाबीनचे बारीक कुटार आणि धूळ त्यात शिरते, ग्रीस वाळते आणि गोळ्या घासू लागतात. रोलर अडखळला की पट्टा घसरतो, आणि पट्टा घसरला की ड्रमचे फेरे पडतात. मग शेंगा न फुटता मागून कुटारात जातात, नाहीतर ड्रम तुंबतो. ड्रायव्हर फेरे भरून काढायला इंजिन वाढवतो, पट्टा पुन्हा पकड घेतो, तेवढ्यात दाणा फुटतो. ज्यांना घरचे बियाणे ठेवायचे आहे त्यांनी तर हे फार जपावे. दाण्यात १४ टक्के ओलावा असेल तर ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० ते ५०० आणि १३ टक्के असेल तर ३०० ते ४०० ठेवावेत, अशी शिफारस आहे. फेरे स्थिर राहायचे असतील तर आधी रोलर धड पाहिजे.

झीज ओळखायची कशी? इंजिन बंद, चावी ड्रायव्हरच्या खिशात, सगळे फिरते भाग पूर्ण थांबलेले. हे झाल्याशिवाय हात घालायचा नाही. पट्टा ढिला करून रोलर बोटांनी फिरवा. खरखर लागली, अडखळला किंवा बाजूला हलवून डुगडुगला तर त्याचे दिवस भरले. रोलरच्या पाठीवर खोबण पडली असेल, किंवा काम थांबल्यावर तो शेजारच्या रोलरपेक्षा चटका बसेल इतका तापत असेल, तरी तेच समजा. पट्ट्याची कड काळी आणि चकचकीत झाली असेल तर पट्टाही तपासा.

बदलताना घाई करू नका. ताणाची स्प्रिंग आधी उतरवा, कारण ती सुटली तर बोटे जातात. वॉशर आणि बुश कोणत्या क्रमाने निघाले ते जमिनीवर कापड टाकून त्याच ओळीत मांडा. ज्या पिनवर रोलर फिरतो ती पिन झिजली असेल तर नवा रोलरही आठ दिवसांत डुगडुगेल, म्हणून पिनही पाहा. नवा रोलर बसवला की दोन्ही पुलींना दोरी ताणून धरा आणि तिघे एका रेषेत आहेत का ते बघा. रेषा चुकली तर पट्टा कड खाणार. मग ताण द्या, पुली हाताने एक-दोन फेरे फिरवा, सगळी आवरणे परत बसवा आणि दहा मिनिटे यंत्र रिकामे चालवा. पहिल्या तासाभरानंतर पुन्हा थांबवून ताण तपासा.

आणि एक युक्ती. बेअरिंगच्या कडेवर एक आकडा कोरलेला असतो. तो वहीत लिहून ठेवा. समजा ६२०५ लिहिले असेल, तर त्याचे भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर. कंपनी कुठलीही असो, मुलूख कुठलाही असो, हा आकडा म्हटला की हेच माप. दुकानदाराला यंत्राचे नाव सांगण्यापेक्षा हा आकडा सांगा, गावातल्या मोटार दुरुस्तीच्या दुकानातसुद्धा माल मिळून जाईल. झिजलेला भाग काढावा आणि त्याच मापाचा दुसरा बसवावा, ही जी सोय लक्ष्मणरावांनी नांगराच्या फाळात केली, तीच या आकड्यात आहे.

तरुण मित्रांना एक सांगणे. यंत्र घेणारे आता बरेच झाले. पण तालुक्याच्या गावी हंगामात रोलर, बेअरिंग, पट्टे आणि कटरबारची पाती ठेवणारे, रात्री-अपरात्री दार उघडणारे दुकान किती ठिकाणी आहे? घरी लेथ आणि वेल्डिंग असलेला एक हुशार पोरगा दहा गावांचा हंगाम वाचवू शकतो. किर्लोस्करांची सुरुवातही सायकलीच्या दुकानातूनच झाली होती.

मागच्या हंगामात मेहकरच्या त्या कास्तकाराकडे पुन्हा गेलो. हार्वेस्टर धुऱ्यावर उभा होता आणि त्याने ड्रायव्हरला वावरात जाऊ दिले नव्हते. आधी पट्टे ढिले करा, रोलर फिरवून दाखवा, असा त्याचा हट्ट. ड्रायव्हर कुरकुरत होता, मागचे लोक घाई करत होते. चार रोलर चांगले निघाले. पाचवा मी स्वतः फिरवला, तर तो किंचित खरखरला. या वेळी मी संध्याकाळची वाट पाहिली नाही, तिथेच सांगितले. कास्तकाराने घरात जाऊन फडक्यात गुंडाळलेला एक नवा रोलर आणला. मागच्या नुकसानीनंतर त्याने तो अकोल्याहून आणून ठेवला होता. पाऊण तास गेला. मग यंत्र वावरात शिरले आणि दिवस मावळायच्या आत पाचही एकर निघाले.